धुरांड्याच्या विटा का सुटतात? वाचकांचे प्रश्न

घरात चूल किंवा शेगडी पेटती असो वा नसो, छपराच्या वर डोके काढून उभे असलेले विटांचे धुरांडे हा घराचा सर्वांत उघडा भाग. चारही बाजूंनी पाऊस, वारा आणि ऊन, आतून ओलसर आंबूस धूर. त्यामुळे त्याच वयाच्या, त्याच विटांच्या भिंती धडधाकट असतानाही धुरांडे आधी खिळखिळे होते. या महिन्यात त्यावरच बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : विटांमधला मसाला बोटाने खरवडला तरी वाळूसारखा गळत होता, म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळे सांधे चांगल्या घट्ट सिमेंटने भरून घेतले. सांधे आजही दगडासारखे आहेत, पण आता विटांचेच पोपडे निघत आहेत. विटा निकृष्ट होत्या का?

विटांचा बहुधा दोष नाही. दोष आहे तो त्या घट्ट सिमेंटचा.

विटकामात मसाला विटेपेक्षा मऊ असावा लागतो. ऐकायला उलटे वाटते, पण मसाल्याचे कामच स्वतः झिजून वीट वाचवण्याचे आहे. विटकाम उन्हाने किंचित फुगते, रात्री आक्रसते. मऊ सांधा ही हालचाल सोसतो. दुसरे म्हणजे विटेत मुरलेले पाणी बाहेर पडायला सर्वांत सोपी वाट सांध्यांतूनच असते. ती वाट कडक, दाट सिमेंटने बुजवली की पाणी विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागते. पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागाच्या लगेच आत त्यांचे स्फटिक होतात आणि ते विटेची साल आतून ढकलतात. हा क्षार पृष्ठभागावर पांढरा दिसला तर तो लोणा, आत राहिला तर पोपडा. जिथे पाणी गोठते अशा हवामानात हेच काम बर्फ आणखी झपाट्याने करतो, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे असले तरी घरगुती विटकामात त्याचा सर्रास वापर विसाव्या शतकात सुरू झाला. त्यामुळे घर त्याआधीचे असेल तर सांधे चुन्याचे आणि विटा तुलनेने मऊ भाजणीच्या असल्याचे धरून चाला. खात्री करायची तर न छेडलेल्या जागेचा, शक्यतो छपराखालच्या भागातला, जुना मसाला किल्लीच्या टोकाने खरवडा. सहज भुकटी होते आणि त्यात चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात तो चुन्याचा. तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला तर तो फसफसतो. पण वाळूत चुनखडीचे कण असले तरीही फसफसते, म्हणून एकट्या या परीक्षेवर विसंबू नका.

आता करायचे काय? दोन-चार ठिकाणी सिमेंट छिन्नीने उचकटून पाहा. वरवर लिंपलेले, सेंटीमीटरभर जाडीचे असेल तर ते बहुतेक वेळा पट्टीसारखे निघून येते. मग सगळे काढून मऊ मसाल्याने पुन्हा दर्जा भरा, म्हणजे सांधे बाहेरून नव्याने भरा. पण काढताना विटांच्या कडा तुटू लागल्या तर थांबा. पाच सांधे दुरुस्त करण्यासाठी पन्नास विटांच्या कडा गमावण्यात अर्थ नाही. घट्ट चिकटलेले सिमेंट तसेच राहू द्या, जिथे ते आपोआप सुटले आहे तिथेच नवे भरा आणि वरून पाणी येणे बंद करा.

प्रश्न : दर्जा भरण्याचे काम स्वतः करायचे आहे. धुरांडे ६० सेंमी चौरस, छपरावर दीड मीटर उंच. मसाल्याचे प्रमाण, किती लागेल आणि कामाचा क्रम सांगाल का?

आधी चढण्याबद्दल. शिडी धुरांड्याला टेकवायची नाही आणि दोर तर मुळीच बांधायचा नाही. ज्याचे सांधे सुटले आहेत त्यावरच आपला भार टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण. चारही बाजूंनी फिरता येईल अशी परांची हवी. छप्पर उतरते असेल आणि परांची बांधता येत नसेल तर हे काम जाणत्या गवंड्यावर सोपवा. धूळ बारीक सिलिकाची असते, तेव्हा घट्ट बसणारा मास्क आणि चष्मा हवाच. चुना ओल्या त्वचेला भाजतो, डोळ्याला तर फारच. हातमोजे घाला आणि स्वच्छ पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

आदल्या दिवसापासून आग बंद ठेवा. धुरांड्याच्या आतल्या, धूर वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा, म्हणजे राडारोडा आत पडणार नाही. बोळ्याला दोर बांधून दोराचे टोक बाहेर सोडा आणि खाली शेगडीवर ‘वर बोळा आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा. बोळा विसरून पेटवलेल्या शेगडीचा धूर घरात कोंडतो, आणि धुराबरोबर न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही.

हिशेब असा. चार बाजू मिळून २.४ मीटर गुणिले १.५ मीटर, म्हणजे ३.६ चौरस मीटर. साधारण २१५ × ६५ मिमी तोंडाच्या विटा आणि १० मिमीचे सांधे धरले तर चौरस मीटरमागे आडवे-उभे मिळून सुमारे १७ मीटर सांधे येतात. ते २५ मिमी खोल भरायचे तर चौरस मीटरला ४.३ लिटर, एकूण साडेपंधरा लिटर. सांडलवंड आणि खोल पोकळ्या धरून २० लिटर मसाला लागेल. वाळूच्या मधल्या पोकळ्या सिमेंट-चुन्याने भरतात, म्हणून तयार मसाल्याचे आकारमान जवळपास वाळूइतकेच येते. म्हणजे १ सिमेंट : १ भुकटी चुना : ६ वाळू या प्रमाणाला वाळू २० लिटर, सिमेंट आणि चुना प्रत्येकी साडेतीन लिटर. हे प्रमाण विसाव्या शतकातल्या कडक भाजणीच्या विटांना. विटा मऊ असतील तर १ : २ : ९. जुने निव्वळ चुन्याचे काम असेल तर सिमेंट अजिबात नको; नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना १ भाग आणि वाळू अडीच भाग. या चुन्याचे २, ३.५ आणि ५ असे वर्ग मिळतात. घराच्या भिंतींना साधारण ३.५ चालतो, धुरांड्यासारख्या उघड्या जागी ५ वापरतात, मात्र वीट फार मऊ असेल तर ३.५ वरच थांबा.

प्रमाण फावड्याने मोजू नका. ओली वाळू फावड्यावर कधी ढीगभर बसते, कधी निम्मी. एकच डबा घेऊन काठोकाठ मोजा. वाळू कोनदार, लहान-मोठ्या कणांची, धुतलेली असावी. समुद्राची नको, तिच्यातले मीठ पुन्हा लोणा होऊन बाहेर येते. शंका असेल तर काचेच्या बरणीत वाळू निम्म्यापर्यंत घाला, पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर ती वाळू बदला.

सांधे खरवडण्याची खोली सांध्याच्या रुंदीच्या किमान दोन ते अडीच पट हवी. १० मिमीच्या सांध्याला २० ते २५ मिमी. तेवढ्यावर मऊ, भुसभुशीत लागले तर घट्ट लागेपर्यंत आत जा. खाच मागे चौकोनी निघाली पाहिजे. इंग्रजी ‘व्ही’सारखी निमुळती झाली तर नवा मसाला पाचरीसारखा बसतो आणि वर्षभरात निसटतो. ग्राइंडर वापरायचाच असेल तर फक्त आडव्या सांध्यांच्या मधोमध एक चीर द्यायला वापरा, बाकीचे छिन्नीने. उभे सांधे जेमतेम विटेच्या उंचीएवढे असतात. तिथे चकती फिरवली की वरच्या आणि खालच्या विटेला हमखास चरा पडतो, आणि तो खालून, अंगणातूनही दिसतो.

मग ताठ केसांच्या ब्रशने धूळ काढा आणि पाण्याचा फवारा मारा. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मसाला घट्ट होण्याऐवजी नुसता वाळतो. पुन्हा वाळूसारखे गळणारे सांधे बहुतेक वेळा याच चुकीतून येतात. भरताना खाच ओलसर हवी, पण पाण्याची चकाकी नको.

मसाला कालवताना सगळे पाणी एकदम घालू नका. मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल एवढाच ओलावा देऊन तासभर झाकून ठेवा, नंतर उरलेले पाणी घाला. असे केल्याने मसाला कमी आक्रसतो. सिमेंटच्या मिश्रणाचा हा तयार मसाला अर्ध्या तासात संपवायचा. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पाणी ओतून तो पुन्हा ढिला करू नका, टाकून द्या.

वरून खाली या, एका वेळी चौरस मीटरभरच. सांध्यात शिरेल अशा अरुंद थापीने ६ मिमीचा थर मागे दाबून बसवा. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण मसाला बोटाला लागत नाही, अशी स्थिती आली की पुढचा थर. असे तीन-चार थर येतात. एकदम कोंबला तर मागे पोकळी राहते आणि पुढचा भाग आक्रसून विटेपासून सुटतो. शेवटचा थरही अंगठ्याच्या ठशापर्यंत आला की गोल सळईने किंचित आत दाबून घोटा. जुन्या विटांच्या कडा गोलावलेल्या असतात, तिथे मसाला एक-दोन मिमी आतच ठेवा. कडेवर आलेली कागदासारखी पातळ किनार आधी तुटते आणि त्या चिरेत पाणी थांबते.

काम झाल्यावर ओले गोणपाट टांगा आणि निदान तीन दिवस ओले ठेवा. हायड्रॉलिक चुन्याला आठवडाभर. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर काम पुढे ढकला. आणि बोळा काढा.

प्रश्न : माथ्यावरचा सिमेंटचा थर जागोजाग तडकला आहे. वरून नवा हात मारला तर चालेल ना?

नाही चालणार. खरे तर दुरुस्तीची सुरुवात इथूनच व्हायला हवी, कारण माथ्यातून शिरलेले पाणी खालच्या प्रत्येक थराला भिजवते. सांधे नवे आणि माथा फुटका, हे काम दोन-तीन हंगामांत वाया जाते.

बहुतेक जुन्या माथ्यांवर उरलेला विटकामाचाच मसाला पसरलेला असतो: कडेला जेमतेम सेंटीमीटरभर, विटांच्या बाहेर न येणारा, नळीला घट्ट चिकटलेला. नळी तापली की वर वाढते आणि त्याला उचलून तडकवते. नवा हात मारला तरी खालचीच भेग त्यात उमटते. केसासारख्या बारीक भेगा असतील आणि थर खणखणीत वाजत असेल तर ताणला जाणारा लवचीक लेप लावून काही वर्षे काढता येतील. हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर सगळे काढा.

नवा माथा काँक्रीटचा करा. चारही बाजूंनी विटकामाच्या किमान ५ सेंमी बाहेर, कडेला ६ सेंमी जाड, नळीकडे चढता उतार चारास एक. बाहेर आलेल्या भागाच्या खालून, काठापासून दोन-अडीच सेंमीवर एक सलग खाच ठेवा. साच्यात सळईचा तुकडा किंवा दोरी बसवली की ती आपोआप पडते. या खाचेमुळे पागोळी विटांवरून न ओघळता तिथेच तुटून खाली पडते. काँक्रीट आणि विटकाम यांच्यामध्ये डांबरी कागदाचा थर, आणि नळीभोवती १० मिमीची मोकळी फट. त्या फटीत फोमची दोरी दाबून वर उष्णता सोसणारे सिलिकॉन. ही फट वगळणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

६० सेंमीच्या धुरांड्याला माथा ७० सेंमी चौरस होतो. मध्ये २५ सेंमीची नळी धरली तर सुमारे ३६ लिटर काँक्रीट. १ : २ : ३ प्रमाणाला सिमेंट ९ ते १० लिटर, वाळू १९, दहा मिमीची खडी २८ लिटर. आत ६ मिमी सळ्यांची जाळी, सगळीकडून अडीच सेंमी आच्छादन राहील अशी. वजन सुमारे ८५ किलो भरते, म्हणून खाली ओतून वर चढवण्यापेक्षा जागेवरच साचा बांधलेला बरा.

प्रश्न : धुरांड्याशेजारी छताला ओल येते, तीही वाऱ्याचा पाऊस असला तरच. छपराच्या सांध्यावर तीनदा डांबर लावले.

डांबर एकदोन उन्हाळ्यांत कडक होऊन फाटते, चौथ्यांदा लावले तरी तेच. छप्पर आणि धुरांडे वेगवेगळे हलतात, त्यामुळे त्यांना चिकटवणारी कोणतीही वस्तू कधीतरी सुटणारच. म्हणूनच इथे पत्रा दोन तुकड्यांचा असतो. खालचा छपरावर येऊन विटांवर वळतो, तो छपराशी जोडलेला. वरचा आडव्या सांध्यात किमान २५ मिमी आत खोचलेला आणि खालच्यावर सुटा लोंबणारा. बाजूंना तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा कापावा लागतो, कारण छप्पर उतरते आणि सांधे आडवे. तुमच्याकडे वरचा तुकडा सांध्यातून निसटला असेल किंवा मुळातच विटांच्या तोंडावर नुसता चिकटवला असेल. सांधा खरवडा, पत्रा खोचा, शिशाच्या पाचरींनी ४०-४५ सेंमी अंतरावर घट्ट करा आणि मग सांधा भरा.

धुरांडे ७५ सेंमीपेक्षा रुंद असेल तर त्याच्या चढाकडच्या बाजूला पाणी दोन्हीकडे वळवणारी छोटी दुपाखी बांधावी लागते. ती नसेल तर तिथे पालापाचोळा साठून डबके होते.

आणखी एक. पाऊस सरळ असतानाही ओल येत असेल, किंवा ती पिवळट-तपकिरी असून काजळीचा वास मारत असेल, तर पत्र्याला दोष देण्याआधी माथा आणि नळी तपासा.

प्रश्न : चिमणी एका बाजूला कललेली दिसते. पूर्वीपासून तशीच असेल का? पाडावी लागेल?

नजरेवर जाऊ नका. माथ्यावरून ओळंबा सोडा आणि छपराजवळ विटेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून तारखेसह लिहून ठेवा. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडव्या खुणा करा. तीन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. अनेक जुनी धुरांडी शंभर वर्षे कललेली आणि स्थिर असतात.

कल वाढत असेल तर एक खास कारण असते. इंधनातल्या गंधकापासून झालेले सल्फेट धुरातल्या ओलाव्याबरोबर मसाल्यात जाते आणि सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी त्याची क्रिया होऊन मसाला फुगतो. जी बाजू पावसाने जास्त भिजते किंवा उशिरा वाळते ती जास्त फुगते, म्हणजे उंचीने वाढते, आणि धुरांडे दुसऱ्या बाजूला वाकते. खूण अशी: आडव्या सांध्यांच्या मधोमध लांबच लांब भेगा आणि मसाला पांढरट, ठिसूळ. अशा मसाल्यावर वरवर दर्जा भरून उपयोग नाही, सल्फेट आत आहे. घट्ट थर लागेपर्यंत उतरवून सल्फेटरोधक सिमेंटने पुन्हा बांधावे आणि आत लायनर (नळीचे अस्तर) टाकावा, नाहीतर नव्या कामाचीही तीच गत.

उतरवायचेच असेल तर उंचीचाही विचार करा. छपराच्या वरची उंची अरुंद बाजूच्या साडेचार पटींहून जास्त असू नये, हा सर्वसाधारण हिशेब. आणि धुरांड्याला टीव्हीची तबकडी बांधलेली असेल तर ती आजच काढा.

प्रश्न : दोनच विटा पार फुटल्या आहेत. तेवढ्याच बदलता येतील का?

येतात. विटेभोवतीच्या सांध्यात ओळीने भोके पाडा, मसाला छिन्नीने काढा, आणि तरीही निघाली नाही तर वीट मधोमध फोडून तुकड्यांनी काढा. शेजारच्या विटेवर छिन्नी टेकवून उचकटू नका. पुढून साल गेलेली पण मागून साबूत निघालेली वीट उलटी फिरवून बसवता येते; रंग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

नवी वीट भिजवावी की नाही? विटेवर अडीच सेंमी व्यासाचे वर्तुळ काढा, आत ड्रॉपरने पाण्याचे २० थेंब टाका. दीड मिनिटाच्या आत सगळे शोषले गेले तर वीट तहानलेली आहे: आधी भिजवा आणि पृष्ठभाग कोरडा झाला की बसवा. थेंब टिकून राहिले तर कोरडीच बसवा. खोबणीच्या तळाला आणि बाजूंना, विटेच्या माथ्याला मसाला लावून ती आत सरकवा, पाणसळ धरून तोंड जुळवा आणि उरलेल्या फटीत मसाला दाबत न्या.

प्रश्न : सगळे झाल्यावर वॉटरप्रूफ रंग लावावा का?

रंग नको. पापुद्रा तयार करणारे कोणतेही लेपन पाणी आतच कोंडते आणि मग विटा मागून सोलतात. लावायचेच तर विटेत मुरणारे, वाफ बाहेर जाऊ देणारे सिलेन-सिलोक्सेन हे जलरोधक द्रावण, तेही दर्जा भरून किमान २८ दिवस झाल्यावर. भेग किंवा फट ते बुजवत नाही.

प्रश्न : शेगडी वर्षानुवर्षे बंद आहे. वरून नळी सिमेंटने बुजवून टाकली तर दुरुस्तीची कटकट संपेल?

वाढेल. बंद नळीत हवा खेळत नाही, ओल धरते आणि जुन्या काजळीतले क्षार ओलावा ओढून आतल्या गिलाव्यावर तपकिरी डाग आणतात. आधी नळी साफ करून घ्या. वर पाऊस अडवणारे पण हवा जाऊ देणारे झाकण बसवा, आणि खाली शेगडीचे तोंड बंद केले असेल तर त्यात साधारण वीतभर लांबीची जाळी ठेवा. जाळी फक्त वर असून चालत नाही. खालून हवा शिरली तरच ती वर चढते.